गाणं पडलं, मग सरकार पडलं

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटन शहरात ६ एप्रिल १९७४ च्या रात्री सतरा देश गायला जमले होते. स्वीडनहून आलेल्या चौघांनी चमचमते कपडे आणि उंच टाचांचे बूट घालून ‘वॉटर्लू’ म्हटलं आणि पहिला नंबर मारला. ‘अ‍ॅबा’ हे नाव जगाला पाठ झालं ते त्या रात्रीपासून. यजमान ब्रिटनच्या परीक्षकांनी या गाण्याला एकही गुण दिला नव्हता, हा त्यातला खमंग तपशील. पण मला सांगायचं आहे ते यादीच्या तळाशी राहिलेल्या एका गाण्याबद्दल.

तळाशी चार गाणी होती, प्रत्येकी तीन गुणांची. त्यांतलं एक पोर्तुगालचं. पाउलो द कार्व्हाल्यो या गायकानं म्हटलेलं, ‘ई दपॉइश दु आदेउश’, म्हणजे ‘निरोपानंतर’. प्रेमभंगाचं, संथ, वाद्यवृंदाच्या साथीचं गाणं. युरोपानं ते ऐकलं आणि सोडून दिलं. अठरा दिवसांनी याच गाण्याच्या इशाऱ्यावर पश्चिम युरोपात सर्वांत जास्त काळ टिकलेली हुकूमशाही कोसळायला सुरुवात झाली.

खेळात राजकारण आणू नका, कलेत राजकारण आणू नका, हे आपण उठता-बसता ऐकतो. १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये पाकिस्तानचा संघ येणार म्हणून शिवसैनिकांनी वानखेडेची खेळपट्टी उखडली आणि दौराच बारगळला. दर भारत-पाक सामन्याआधी तोच वाद नव्यानं पेटतो. आपल्याकडे हे वाक्य भांडणाच्या भरात येतं. ब्रायटनला झाली ती युरोव्हिजन ही गाण्याची स्पर्धा मात्र तेच वाक्य नियमावलीत लिहून, त्यावर समित्या बसवून, गाण्याच्या ओळी तपासून पाळू पाहते. तो प्रयत्न इतका चिकाटीचा, इतका बारीक आणि वरचेवर इतका फसणारा आहे, की गाण्यांपेक्षा त्याचाच नाद लागावा.

मुळात हे प्रकरण सुरू झालं तारा आणि मनोऱ्यांच्या हौसेपायी. युद्धातून सावरणाऱ्या युरोपातल्या नभोवाणी संस्थांनी १९५० मध्ये ‘युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन’ नावाचा संघ काढला. टीव्हीचं चित्र एका देशातून दुसऱ्या देशात त्याच क्षणी पोचवायचं, हे तेव्हा मोठं दिव्य होतं. डोंगरांवरच्या मनोऱ्यांकडून मनोऱ्यांकडे लहरी फेकत जायचं. ही यंत्रणा चालते का ते बघायला काहीतरी कार्यक्रम हवा होता. इटलीतल्या सानरेमोच्या गाण्याच्या महोत्सवाचा नमुना समोर होता. २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लुगानो इथं सात देश जमले, आणि यंत्रांच्या चाचणीतून एक वार्षिक जत्रा जन्माला आली. २०२५ साली ती सोळा कोटींहून अधिक लोकांनी पाहिली.

या संघाचे सभासद देश नसतात, देशांच्या वाहिन्या असतात. राजकारणाचा प्रश्न आला की संघ हेच कलम पुढे करतो: आम्ही सरकारांना ओळखत नाही, वाहिन्यांना ओळखतो. वाक्य कायद्यानं बिनतोड आहे. पण पडद्यावर नाव येतं ते देशाचं, प्रेक्षागृहात फडकतो तो देशाचा झेंडा, आणि गुण देतानाही ‘अमुक वाहिनीला बारा गुण’ असं कुणी म्हणत नाही.

ब्रायटनच्या त्या एकाच संध्याकाळी पडद्यामागे काय काय चाललं होतं बघा. फ्रान्सचं नाव यादीत होतं, पण राष्ट्राध्यक्ष पॉम्पिदू २ एप्रिलला वारले आणि राष्ट्रीय दुखवट्याचा दिवस नेमका ६ एप्रिल ठरला. फ्रान्स आलाच नाही. इटलीची तऱ्हा त्याहून अजब. जिल्योला चिन्क्वेत्तीच्या गाण्याचं नाव होतं ‘सी’, म्हणजे ‘हो’. प्रियकराला होकार देणाऱ्या मुलीचं गाणं, तेव्हा घोळून घोळून ‘सी’ येणारच. आणि १२ मे रोजी इटलीत घटस्फोटाचा कायदा रद्द करायचा का, यावर सार्वमत होतं. रद्द करा म्हणणाऱ्यानं मतपत्रिकेवर ‘सी’ निवडायचं. सरकारी वाहिनी ‘राय’ला घाम फुटला. एवढ्या गोड आवाजात कुणी घरोघरी ‘हो, हो’ म्हणत राहिलं आणि मतदार भुलला तर? स्पर्धेचं थेट प्रक्षेपण रद्द झालं, गाणं महिनाभराहून अधिक काळ सरकारी नभोवाणी-टीव्हीपासून दूर ठेवलं गेलं. बाई ब्रायटनमध्ये दुसऱ्या आल्या. त्यांच्या देशवासीयांनी ती स्पर्धा पाहिली जूनमध्ये, सार्वमत उरकल्यावर. ५९ टक्क्यांहून अधिक लोकांनी ‘नाही’ म्हटलं होतं आणि कायदा शाबूत राहिला होता. एका प्रेमगीताला निवडणुकीची आचारसंहिता लागू झाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

आता लिस्बन. पोर्तुगालमध्ये १९२६ च्या लष्करी उठावापासून लोकशाही नव्हती. आधी सालाझार, १९६८ पासून मार्सेलो कायतानो. १९६१ पासून अंगोला, मग गिनी, मग मोझांबिक इथं वसाहती टिकवण्यासाठी युद्धं चालली होती, आणि ती लढून कंटाळलेल्या तरुण कॅप्टन-मेजरांनी सरकार उलथायचं ठरवलं. बेत आखणारा मेजर होता ओतेलो सरायव्हा द कार्व्हाल्यो. (गायक कार्व्हाल्योशी त्याचं नातं नाही.) अडचण साधी होती आणि जिवावरची होती: वेगवेगळ्या गावांतल्या छावण्यांना एकाच क्षणी ‘निघा’ असं कळवायचं कसं? टेलिफोन वापरावा तर गुप्त पोलीस ऐकणार. निरोप्या पाठवावा तर तो पकडला जाणार.

रेडिओ मात्र प्रत्येक छावणीत होता, आणि रेडिओ ऐकणं हा गुन्हा नव्हता. लिस्बनच्या एका केंद्रावरचा निवेदक ओतेलोच्या ओळखीचा होता. आधी झेका अफोन्सो या बंडखोर गायकाचं गाणं लावायचा विचार झाला. पण अफोन्सोच्या बऱ्याच गाण्यांवर बंदी होती, अचानक त्याचं गाणं लागलं तर सेन्सॉरचे कान टवकारले असते. हवं होतं असं गाणं, जे कुणाच्याही भुवया न उंचावता कधीही लावता येईल. सरकारमान्य, निरुपद्रवी, नुकतंच परदेशात जाऊन पडून आलेलं.

२४ एप्रिलच्या रात्री निवेदकानं सांगितलं की अकराला पाच मिनिटं कमी आहेत, गायकाचं आणि स्पर्धेचं नाव घेतलं आणि तबकडीवर सुई टेकवली. घराघरांत लोकांना ऐकू आलं ते एक ओळखीचं विरहगीत. छावण्यांमध्ये कान लावून बसलेल्या अधिकाऱ्यांना ऐकू आलं: तयार राहा. त्या केंद्राचा आवाका लिस्बनच्या आसपासपुरताच होता, म्हणून दुसरा इशारा देशभर पोचणाऱ्या ‘रेडिओ रेनासेन्सा’वरून द्यायचा ठरला होता. मध्यरात्र उलटल्यावर तिथं अफोन्सोचं बंदीतून सुटलेलं ‘ग्रांदोला, व्हिला मोरेना’ लागलं आणि रणगाडे निघाले. २५ तारखेची संध्याकाळ होईतो कायतानोनं शरणागती पत्करली होती. गुप्त पोलिसांच्या गोळीबारात चार माणसं गेली, बाकी फारसा रक्तपात झाला नाही. सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत लोकांनी लाल कार्नेशनची फुलं खोचली आणि क्रांतीला तेच नाव पडलं.

पुन्हा एकदा त्या गाण्याकडे बघा. त्यात सरकार नाही, वसाहत नाही, भाकरी नाही, बंदूक नाही. युरोव्हिजनच्या कुठल्याही समितीनं, कुठल्याही काळात, भिंग घेऊन तपासलं असतं तरी त्यात राजकारणाचा कण सापडला नसता. किंबहुना तो सापडत नव्हता म्हणूनच ते निवडलं गेलं.

आपल्याशी या गाण्याचा धागा जुळतो तो इथं. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला, पण सालाझारनं ते मान्य केलं नाही. गोव्यात शेवटच्या माणसापर्यंत लढा असा त्याचा हुकूम होता. गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हा यांनी तो न पाळता शरणागती पत्करली, म्हणून मायदेशी परतल्यावर त्यांना लष्करातून काढून टाकण्यात आलं. लिस्बनच्या दप्तरी गोवा पुढेही पोर्तुगालचाच राहिला. तेरा वर्षं. हा हट्ट सुटला तो कार्नेशन क्रांतीनंतर. ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत करार झाला आणि गोवा, दमण, दीव, दादरा व नगर हवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालनं मान्य केलं. त्यांच्या बाजूनं सही केली परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरेश यांनी आणि आपल्या बाजूनं परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाणांनी. ब्रायटनमध्ये तीन गुण मिळवणाऱ्या गाण्यापासून कराडच्या यशवंतरावांच्या सहीपर्यंत नऊ महिन्यांहून कमी अंतर आहे. व्हासालो ई सिल्व्हांनाही नव्या राजवटीनं त्यांचा मान परत दिला.

आणि या निरुपद्रवी गाण्याच्या नेमका उलटा दाखला पुढच्याच वर्षीचा. १९७५ साली स्टॉकहोमला पोर्तुगालकडून गायला गेला दुआर्ते मेंदेश. हा लष्करात कॅप्टन, क्रांतीत प्रत्यक्ष भाग घेतलेला. गाण्याचं नाव ‘मादरुगादा’, म्हणजे पहाट, विषय उघड उघड क्रांती, कोटावर कार्नेशन. याहून राजकीय काय असणार? कुणी अडवलं नाही, कुणाला काही झालं नाही, गाणं सोळावं आलं.

पोर्तुगालची आणि या स्पर्धेची गाठच मुळी विलक्षण मुहूर्तावर पडली होती. १९६४ साली कोपनहेगनला तो पहिल्यांदा आला आणि शून्य गुण घेऊन गेला. (त्या वर्षी जिंकली होती तीच चिन्क्वेत्ती, तेव्हा सोळा वर्षांची.) बेल्जियमचं गाणं संपल्यावर एक माणूस फलक घेऊन मंचावर घुसला: स्पेनचा हुकूमशहा फ्रँको आणि सालाझार यांच्यावर बहिष्कार टाका. दिग्दर्शकानं चपळाईनं कॅमेरा गुणफलकावर वळवला, माणसाला उचलून बाहेर नेलं आणि कार्यक्रम पुढे चालू. त्या रात्रीची चित्रफीतही आज उपलब्ध नाही, ध्वनिमुद्रण तेवढं उरलंय. मंचावर गडबड झाली की कॅमेरा दुसरीकडे फिरवायचा, ही युक्ती या स्पर्धेला तेव्हापासून अवगत आहे.

पण ज्यांना बोलावलं त्यांचं काय करायचं? लग्नाची आमंत्रणं लिहायला बसलं की घरातलं सगळं राजकारण त्या यादीत उतरतं. कुणाच्या नावापुढे ‘सहकुटुंब’ लिहायचं यावरून भावकीत वर्षानुवर्षं अबोला राहतो. इथंही तसंच. संघाचं कार्यक्षेत्र ठरलं ते रेडिओ लहरींच्या जुन्या आंतरराष्ट्रीय नकाशावरून. त्यात उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियाचा मोठा भाग येतो. म्हणून इस्रायल १९७३ पासून युरोपात गातो. मोरोक्को एकदाच आला, १९८० साली, आणि इस्रायल नेमका त्याच वर्षी गैरहजर होता. लेबनॉननं २००५ साठी गायिका निवडली, गाणं ठरवलं, आणि मग लक्षात आलं की त्यांच्या कायद्याप्रमाणे इस्रायलचं गाणं टीव्हीवर दाखवता येत नाही. संपूर्ण कार्यक्रम दाखवण्याची हमी देता येईना, तेव्हा माघार. यांत कुणी एक शब्दही राजकीय गायलं नव्हतं. प्रश्न फक्त रांगेत आधी कोण उभं आहे हा होता.

जॉर्डनच्या वाहिनीनं तर १९७८ साली कमाल केली. स्पर्धा पॅरिसला होती. इस्रायलचं गाणं सुरू झालं की जॉर्डनमध्ये पडद्यावर फुलांचं चित्र. पुढे मतमोजणीत इस्रायल जिंकणार असं दिसू लागलं, तेव्हा प्रक्षेपणच थांबलं आणि नंतर बेल्जियम जिंकल्याचं सांगण्यात आलं. बेल्जियम दुसरा आला होता. म्हणजे खोटं बोलतानाही त्यांनी क्रमाची बूज राखली.

मला सर्वांत आवडते ती २००९ मधली मॉस्कोची खटपट. प्रत्येक गाण्याआधी त्या देशाची झलक दाखवणारी छोटी फिल्म असते. आर्मेनियाच्या फिल्ममध्ये एका स्मारकाचं दर्शन झालं: लालसर दगडात कोरलेले म्हातारा-म्हातारीचे दोन चेहरे. स्मारक होतं नागोर्नो-काराबाखमध्ये, म्हणजे ज्या प्रदेशावरून आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्यात युद्ध झालं त्या जागी. अझरबैजाननं हरकत घेतली, अंतिम फेरीत तो तुकडा कापला गेला. झालं, मिटलं. मग गुण जाहीर करायची वेळ आली. येरेवानहून आर्मेनियाची निवेदिका पडद्यावर आली. हातात गुणांचा कागद लावलेलं पॅड, आणि त्या पॅडच्या पाठीवर तेच म्हातारा-म्हातारी! मागच्या चौकातल्या मोठ्या पडद्यावरही तेच. ती हसतमुखानं गुण वाचत होती आणि पॅड कॅमेऱ्याकडे वळवत होती. त्याच स्पर्धेनंतर अझरबैजानमध्ये आर्मेनियाला एसएमएसनं मत देणाऱ्या माणसाला सुरक्षा खात्यानं बोलावून जाब विचारल्याची बातमी आली. मतदारांची ओळख फुटली तर त्याला वाहिनी जबाबदार, असा नियम मग करावा लागला. आवडलेल्या गाण्याला मत दिलं म्हणून चौकशी. इथं राजकारण कुणी आणलं, गायकानं की फोनचं बिल तपासणाऱ्यानं?

गाण्याचे शब्द तपासणं हे त्या मानानं सोपं काम वाटेल. तसं ते नाही. त्याच २००९ साली, रशियाशी युद्ध होऊन वर्षही न झालेल्या जॉर्जियानं मॉस्कोसाठी जे गाणं निवडलं त्याच्या इंग्रजी शीर्षकात ‘पुट इन’ असे दोन शब्द होते, आणि ते ‘पुतिन’ असे ऐकू यावेत अशी चोख सोय होती. शब्द बदला किंवा गाणं बदला, असं संघानं कळवलं. जॉर्जियानं दोन्ही नाकारलं आणि घरी राहिला. हा निकाल बरोबरच होता. श्लेष एवढा जाड होता की न पकडणं अवघड.

२०१६ चा पेच मात्र खराखुरा. युक्रेनच्या जमालानं ‘१९४४’ नावाचं गाणं आणलं. स्टालिननं मे १९४४ मध्ये क्रिमियातल्या तातारांना मालगाड्यांत कोंबून मध्य आशियात हद्दपार केलं, त्यात जमालाची पणजीही होती. गाणं त्या आठवणीचं, आणि धृपद क्रिमियाई तातार भाषेत. रशियानं क्रिमिया ताब्यात घेऊन दोनच वर्षं झाली होती. रशियातून ओरड झाली. संघानं विचार करून सांगितलं की शीर्षकात आणि शब्दांत राजकीय काही नाही. तांत्रिकदृष्ट्या खरंच होतं. गाण्यात क्रिमियाचं नावसुद्धा नाही, १९४४ हा इतिहास आहे. पण स्टॉकहोमच्या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला त्या आकड्यात २०१४ ऐकू येत होतं. जमाला जिंकली. प्रेक्षकांच्या मतांत पहिला रशियाचा गायक होता, परीक्षकांच्या मतांत ऑस्ट्रेलियाची गायिका. दोन्ही मिळून बेरीज केली तर जमाला. (ऑस्ट्रेलिया युरोपच्या स्पर्धेत काय करतो, हे विचारू नका, बोलावलं, आला, रमला.)

पुढच्या वर्षी स्पर्धा साहजिकच कीव्हमध्ये. रशियाची गायिका युलिया सामोयलोव्हा २०१५ साली रशियातून थेट क्रिमियात गाऊन आली होती. युक्रेनच्या कायद्यानं हा बेकायदा प्रवेश, म्हणून तिला तीन वर्षं देशात येण्यास बंदी. संघानं तोड काढली, तिनं मॉस्कोतूनच उपग्रहाद्वारे गावं. रशियानं ती धुडकावली.

त्याच कीव्हमध्ये पोर्तुगाल पहिल्यांदा जिंकला, पदार्पणानंतर त्रेपन्न वर्षांनी. साल्व्हादोर सोब्राल, साधं प्रेमगीत, पोर्तुगीज भाषेत, कसलीही आतषबाजी नाही. पण पत्रकार परिषदेला त्यानं ‘निर्वासितांना वाचवा’ अशा अर्थाचा मजकूर असलेला स्वेटर घातला, तर तो पुन्हा घालायचा नाही असं त्याला बजावण्यात आलं. पाच वर्षांनी तुरिनला युक्रेनच्या ‘कालुश ऑर्केस्ट्रा’नं गाणं संपताच मंचावरूनच मारिउपोलमध्ये वेढल्या गेलेल्या लोकांसाठी मदतीची हाक दिली, तेव्हा संघ म्हणाला की हे राजकीय नव्हे, माणुसकीचं आवाहन आहे. मग निर्वासित काय होते? माझं स्पष्ट मत असं की दोन्ही माणुसकीचीच आवाहनं होती. फरक पडला तो हवेचा. २०२२ मध्ये तुरिनच्या त्या हाकेवर कारवाई करायची छाती कुणाचीच झाली नसती.

त्या वर्षीची घाई तर तासांत मोजता येते. २४ फेब्रुवारीला रशियानं युक्रेनवर आक्रमण केलं. त्याच दिवशी संघ म्हणाला, ही अराजकीय स्पर्धा आहे, रशिया गाऊ शकतो. दुसऱ्या दिवशी, अनेक वाहिन्यांनी डोळे वटारल्यावर, रशिया बाद. रशियानं तोवर गाणंच निवडलं नव्हतं! म्हणजे तपासायला एक ओळही समोर नसताना निर्णय झाला. निर्णय योग्य होता असंच मला वाटतं, पण ‘आम्ही फक्त गाणं बघतो’ हे कलम त्या दिवशी संपलं. आणि जिंकलेलं ‘स्टेफानिया’? गायकानं आपल्या आईसाठी युद्धाआधी लिहिलेलं. युक्रेनच्या निवड फेरीत ते दुसरं आलं होतं. पहिली आलेली गायिका २०१५ च्या क्रिमिया प्रवासाच्या कागदपत्रांवरून वादात सापडून बाजूला झाली, आणि आक्रमणाच्या दोन दिवस आधी कालुशचं नाव नक्की झालं. आईचं गाणं बघता बघता मातृभूमीचं झालं. एक अक्षर न बदलता.

उलट २०२४ मध्ये इस्रायलचं ‘ऑक्टोबर रेन’ हे गाणं राजकीय म्हणून परत पाठवलं गेलं. शब्द बदलले, नाव ‘हरिकेन’ झालं, चाल तीच राहिली, गाणं मंजूर. ऐकणाऱ्यांपैकी कुणाला त्या चालीत ७ ऑक्टोबर २०२३ चा हमासचा हल्ला ऐकू आला नाही, किंवा बाहेर रस्त्यावर निदर्शनं करणाऱ्यांना गाझा ऐकू आला नाही, असं मानायचं असेल तर मानावं.

या सगळ्या खटाटोपाचं शिखर मात्र २०१५ साली व्हिएन्नात गाठलं गेलं. आदल्या वर्षी रशियाच्या जुळ्या बहिणींना प्रेक्षकांनी हुर्यो करून हैराण केलं होतं. पोरी सतरा वर्षांच्या होत्या, क्रिमिया काही त्यांनी घेतला नव्हता. म्हणून २०१५ मध्ये आयोजकांनी ध्वनियंत्रणेत तजवीज केली, की सभागृहातली हुर्यो घरच्या प्रेक्षकांपर्यंत पोचताना गाळली जावी. टाळ्या जाव्यात, शिट्ट्या जाव्यात, धिक्कार तेवढा अडावा. राजकारण बाहेर ठेवण्यासाठी माणसानं बनवलेली ही चाळणी मला एकाच वेळी हास्यास्पद आणि अद्भुत वाटते.

२०२६ ची स्पर्धा पुन्हा व्हिएन्नाच्या त्याच श्टाटहाले सभागृहात ठरली. इस्रायलला भाग घेऊ द्यायचा का, यावर डिसेंबर २०२५ मध्ये संघाची बैठक झाली. त्या प्रश्नावर मतदान टाळून गुण देण्याचे कडक केलेले नियम तेवढे मंजूर झाले, त्यांत प्रेक्षकाला पैसे भरण्याच्या एका मार्गामागे वीसऐवजी दहा मतं. त्यानंतर स्पेन, आयर्लंड, नेदरलँड्स, स्लोव्हेनिया आणि आइसलंड यांनी अंग काढून घेतलं. स्पेन १९६१ पासून एकही वर्ष चुकला नव्हता. फ्रँकोच्या काळातही गात होता, फ्रँकोनंतरही. आयर्लंड सात वेळा जिंकलेला. आणि ऑस्ट्रियाच्या वाहिनीनं जाहीर केलं, की या खेपेला सभागृहात पॅलेस्टाइनचा झेंडा चालेल, आणि कुणी हुर्यो केली तर ती जशीच्या तशी घराघरांत ऐकू जाईल.